लांब पल्ल्यासाठी कार्बनची रोड बाईक कशी निवडावी: कोल्हापूरच्या सायकलस्वारांसाठी सविस्तर मार्गदर्शक

कोल्हापुरात सायकलीची आवड बहुधा रंकाळ्याभोवतीच्या फेऱ्यांनी सुरू होते, पुढे पन्हाळा आणि जोतिबाचा चढ खुणावू लागतो, मग एखाद्या रविवारी गगनबावडा किंवा राधानगरी गाठले जाते आणि हळूहळू २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब सायकलफेरीचा, विषय निघतो. नेमक्या याच टप्प्यावर कार्बनच्या रोड बाईकचा विचार मनात घर करतो. रक्कम मोठी असते, दुकानदार वजनाचे आकडे सांगतो, मित्र आपापल्या ब्रँडची भलामण करतात, आणि पन्नास किलोमीटरनंतर मान आखडणार नाही ना, या खऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणीच देत नाही.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. या खरेदीत कार्बनचा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा असतो. अंगाला बसणारे माप, रुंद टायरला पुरेशी जागा, दमलेल्या पायांना झेपणारे गिअर आणि कोल्हापुरातच होऊ शकेल अशी दुरुस्ती, या चार गोष्टी जुळल्या असतील तर कार्बनची फ्रेम त्यावर मोलाची भर घालते. यांपैकी एक जरी चुकली तरी कितीही भारी कार्बन ती उणीव भरून काढत नाही. पुढचे विवेचन त्याच हिशेबाने केले आहे.

आधी पल्ला आणि रस्ता ठरवावा

लांब पल्ला म्हणजे किती, हे स्वतःशी स्पष्ट असावे. ब्रेव्हेची वेळमर्यादा येथे चांगला मापदंड ठरते: २०० किलोमीटरसाठी १३ तास ३० मिनिटे, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० साठी ४० तास. थांबे धरून ताशी साधारण १५ किलोमीटरची सरासरी राखली की २०० किलोमीटर वेळेत पूर्ण होतात. दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमध्येही १२०० किलोमीटरसाठी कमाल ९० तास मिळतात, म्हणजे सरासरी ताशी १४ किलोमीटरहूनही कमी येते. या प्रकारात वेग मिळवण्यापेक्षा दहाव्या-बाराव्या तासालाही सीटवर बसवेल, हँडल धरवेल आणि चढावर पाय फिरतील, याला महत्त्व असते. त्यामुळे शर्यतीसाठी बनवलेली फ्रेम आणि लांब पल्ल्यासाठी बनवलेली, म्हणजे एन्ड्युरन्स प्रकारची फ्रेम, यांतील फरक खरेदीपूर्वी समजून घेणे आवश्यक आहे.

दुसरी बाब आपल्या भूगोलाची. कोल्हापूर पठारावर आहे. येथून कोकणाकडे जाणारे आंबा, करूळ, भुईबावडा आणि फोंडा हे सारे घाट आपल्याला आधी उतार म्हणून भेटतात आणि परतीच्या वाटेवर, पाय भरून आल्यावर, चढ म्हणून समोर उभे राहतात. ज्याला आधी चढ आणि मग उतार मिळतो, त्याचा चढ सकाळच्या ताज्या पायांनी होतो. आपला चढ बहुतेक वेळा दुपारच्या उन्हात, निम्म्याहून अधिक अंतर कापल्यावर येतो. गिअर आणि ब्रेक निवडताना ही गोष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवावी.

रस्त्यांचे म्हणाल तर महामार्गावर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून निघालेल्या बारीक पोलादी तारा पडलेल्या असतात, गावागावांतून न रंगवलेले गतिरोधक असतात, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांतून पडलेल्या कांड्या, पाचट आणि शेतातून चाकांबरोबर आलेला चिखल पसरलेला असतो. पावसाळ्यात गगनबावडा परिसरात कोसळणारा पाऊस तर सर्वांना ठाऊक आहेच. ज्या सायकलीला हे झेपत नाही, ती दुकानात कितीही देखणी दिसली तरी आपल्या कामाची नाही.

कार्बनमुळे नेमके काय मिळते

कार्बनचे तंतू आणि इपॉक्सी रेझिन यांच्या थरांवर थर रचून ही फ्रेम तयार होते. धातूची नळी सर्व दिशांना जवळपास सारखीच वागते; कार्बनमध्ये मात्र तंतूंची दिशा आणि थरांची संख्या जागोजाग बदलता येते. त्यामुळे पेडलजवळचा भाग पक्का आणि सीटकडचा भाग थोडा लवचीक ठेवणे शक्य होते. फ्रेमवर छापलेले टी७००, टी८०० असे आकडे तंतूची प्रत सांगतात, परंतु रचना कशी केली आहे हे त्यावरून कळत नाही. म्हणून केवळ त्या आकड्यांवरून दोन सायकलींची तुलना करू नये.

वजनाचा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. डिस्क ब्रेक आणि शिमानो १०५ श्रेणीचे गिअर असलेली कार्बन एन्ड्युरन्स सायकल साधारण साडेआठ ते साडेनऊ किलोची भरते, आणि त्याच दर्जाची अॅल्युमिनियमची सायकल तिच्याहून सुमारे एक किलोने जड असते. कोल्हापूर शहरापासून पन्हाळ्यापर्यंतची चढाई सुमारे ४०० मीटरची आहे. एक किलो वजन ४०० मीटर वर न्यायला जवळजवळ ३९०० ज्यूल ऊर्जा लागते, आणि सातत्याने १५० वॅट शक्ती लावणारा सायकलस्वार तेवढी ऊर्जा २६ सेकंदांत निर्माण करतो. म्हणजे एक किलो वाचवल्याने पूर्ण पन्हाळा चढताना अर्धे मिनिटही वाचत नाही. पाण्याच्या भरलेल्या दोन मोठ्या बाटल्यांचे वजन याहून जास्त असते.

मग कार्बन घ्यावाच का? माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र कारण वजनाचे नाही. खरबरीत डांबरावरून हातांपर्यंत आणि पाठीपर्यंत येणारी बारीक थरथर चांगल्या कार्बन फ्रेमने आणि सीटपोस्टने, म्हणजे सीटखालच्या दांड्याने, कमी होते, आणि दहा तासांनंतर तो फरक शरीराला जाणवतो. ट्रेक डोमानेमधील आयसोस्पीड, स्पेशलाइज्ड रूबेमधील हँडलखालचा फ्युचर शॉक, जायंट डिफायमधील डी आकाराचा सीटपोस्ट या सगळ्यांचा उद्देश हाच आहे. मात्र खड्ड्याचा मोठा दणका फ्रेम फारसा शोषत नाही. ते काम टायरमधली हवा करते. शिवाय अॅल्युमिनियमच्या अनेक चांगल्या सायकलींना कार्बनचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा चिमटा, असतोच, त्यामुळे या लाभाचा काही भाग तेथेही मिळतो. ज्यांचे अंदाजपत्रक कार्बनच्या उंबरठ्यावर अडले आहे, त्यांनी यात कमीपणा मानू नये.

माप: सर्वाधिक वेळ येथे द्यावा

सायकलीवर लिहिलेले ५२, ५४, ५६ किंवा एस, एम, एल हे माप फक्त प्राथमिक अंदाजासाठी असते, कारण एका कंपनीची ५४ दुसरीच्या ५६ इतकी निघू शकते. उत्पादकाच्या तक्त्यातील स्टॅक आणि रीच हे दोन आकडे पाहावेत. पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या अक्षाच्या मध्यापासून फ्रेमच्या पुढच्या, हँडल बसते त्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक आणि त्याच दोन बिंदूंमधले आडवे अंतर म्हणजे रीच. साधारण ५६ मापाच्या शर्यतीच्या फ्रेमचा स्टॅक ५६० मिलिमीटरच्या आसपास असतो, तर एन्ड्युरन्स फ्रेमचा ५९० च्या जवळ जातो. हे तीन सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण ज्याची कंबर दिवसभर कार्यालयात खुर्चीवर बसून आखडलेली आहे, त्याला शंभराव्या किलोमीटरनंतर तेवढ्यानेच मान वर करून पुढचा रस्ता पाहता येतो. स्टॅकला रीचने भागल्यावर उत्तर १.५ च्या वर आले तर बसण्याची ठेवण सैल, आरामाची आहे असे ढोबळमानाने समजावे, १.४५ च्या खाली आले तर ती फ्रेम वाकून वेगाने जाणाऱ्यासाठी आहे.

घरी करता येईल अशी मोजणी पुढीलप्रमाणे आहे. अनवाणी, भिंतीला पाठ लावून, पायांत साधारण वीतभर अंतर ठेवून उभे राहावे. जाड पुठ्ठ्याची वही दोन्ही पायांच्या मधोमध, सीटवर बसल्यावर येईल तेवढा दाब देत वर ओढावी आणि तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यावे. या मापाला ०.८८३ ने गुणले की पेडलचे दांडे फिरतात त्या अक्षाच्या मध्यापासून सीटच्या पृष्ठभागापर्यंतची सुरुवातीची उंची मिळते. उदाहरणार्थ, माप ८० सेंटिमीटर आले तर सीटची उंची सुमारे ७०.६ सेंटिमीटर येईल. हा केवळ आरंभबिंदू आहे. बूट, पेडल आणि पायाची लवचीकता यांनुसार त्यात काही मिलिमीटरचा बदल करावा लागतो. सध्याच्या सायकलीवर अंग न दुखता फिरणे होत असेल, तर तिची सीटची उंची, सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचे अंतर आणि सीट व हँडल यांच्या उंचीतील फरक, ही तीन मापे टिपून दुकानात न्यावीत. दुकानदाराच्या अंदाजापेक्षा ती अधिक विश्वासार्ह असतात.

दोन मापांच्या सीमेवर असणाऱ्यांनी काय करावे, हा प्रश्न हमखास येतो. लहान माप घेऊन हँडलखाली चकत्या वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु कार्बनच्या स्टिअरर नळीवर (फोर्कच्या हँडलपर्यंत वर जाणाऱ्या नळीवर) किती उंचीपर्यंत चकत्या चालतात याला उत्पादकाने मर्यादा घातलेली असते आणि ती ओलांडणे धोक्याचे आहे. लांब पल्ल्यासाठी मी स्टॅक आधी जुळवण्याच्या मताचा आहे. हँडल थोडे लांब वाटले तर आखूड स्टेम, म्हणजे हँडलला स्टिअररशी जोडणारा तुकडा, लावता येतो. बुटक्या सायकलस्वारांनी, विशेषतः ज्या महिलांना सर्वांत लहान माप घ्यावे लागते त्यांनी, हँडल वळवल्यावर बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागते का, हेही तपासावे. घाटातल्या हळू, तीव्र वळणावर ते अडचणीचे ठरते.

टायर आणि चाके

फ्रेममध्ये किमान ३२ मिलिमीटरचा टायर मोकळेपणाने बसला पाहिजे, ३५ बसला तर उत्तम. हा आकडा तक्त्यात स्पष्ट दिलेला असतो. जुन्या कार्बन फ्रेममध्ये २५ किंवा फार तर २८ बसतो आणि आपल्या रस्त्यांसाठी तेवढे पुरेसे नाही. टायरच्या दोन्ही बाजूंना चिखलासाठी जागा उरली पाहिजे. गळीत हंगामात शेताजवळच्या रस्त्यावर ओली माती टायरला चिकटते आणि जागा कमी असेल तर तीच माती फोर्कच्या आतल्या बाजूचा रंग आणि मग कार्बनही घासत राहते.

रुंद टायरचा खरा उपयोग कमी हवेत आहे. सुमारे ७० किलोच्या सायकलस्वाराने ३२ मिलिमीटरच्या टायरमध्ये ५५ ते ६५ पीएसआयच्या दरम्यान सुरुवात करावी, पुढच्या चाकात मागच्यापेक्षा थोडी कमी ठेवावी आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर आपल्याला काय मानवते ते ठरवावे. दगडासारखी टणक हवा मारली की सायकल वेगवान होते, हा समज खडबडीत रस्त्यावर टिकत नाही. चाक उसळत राहते आणि प्रत्येक उसळीत थोडा जोर वाया जातो.

चाकांच्या बाबतीत एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. अलीकडील अनेक कार्बन चाकांच्या रिमला आत आकड्यासारखी कड नसते, त्यांना हूकलेस म्हणतात. अशा रिमवर फक्त उत्पादकाने मान्य केलेलेच टायर लावावेत आणि हवा कोणत्याही परिस्थितीत ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय, याच्या वर नेऊ नये, अन्यथा टायर रिमवरून निसटू शकतो. वाटेतल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर काटा असेलच आणि असला तर बरोबर असेलच असे नाही. म्हणून हूकलेस चाके घेणाऱ्याने स्वतःचा हातपंप आणि दाब मोजण्याचा छोटा काटा नेहमी जवळ बाळगावा. माझी पसंती विचाराल तर पहिल्या कार्बन सायकलीला चांगली, हूक असलेली अॅल्युमिनियमची चाकेच असू द्यावीत.

ट्यूबलेस टायरमुळे बाभळीचे काटे आणि त्या पोलादी तारांची बहुतेक छिद्रे आतल्या द्रवाने आपोआप बुजतात. मात्र आपल्या उन्हाळ्यात तो द्रव लवकर सुकतो, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी तपासून भर घालावी लागते. ज्याला हे जमणार नाही त्याने सरळ चांगल्या ट्यूब वापराव्यात. ट्यूबलेस असली तरी एक सुटी ट्यूब बरोबर असावीच.

गिअर आणि ब्रेक

गिअरची निवड आकड्यांनी करावी, रुबाबाने नव्हे. पुढे ५०/३४ दातांचा कॉम्पॅक्ट क्रँक (पेडलचे दांडे आणि पुढच्या दातेरी चकत्या) आणि मागे ११-३४ ची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) ही आपल्या घाटांसाठी किमान अपेक्षा मानावी. ३२ मिलिमीटरच्या टायरचा घेर सुमारे २.१५ मीटर असतो. पुढे ३४ आणि मागेही ३४ दात असतील तर पेडलच्या एका फेरीत सायकल २.१५ मीटर पुढे जाते. मागे सर्वांत मोठी चकती २८ दातांची असेल तर तीच सायकल एका फेरीत २.६१ मीटर जाते. परतीच्या करूळ घाटात वेग ताशी ८ किलोमीटरवर आला, की पहिल्या जोडीवर मिनिटाला सुमारे ६२ फेऱ्या होतात आणि दुसरीवर अवघ्या ५१. ज्याने तासभर ५१ फेऱ्यांनी, प्रत्येक फेरीला गुडघ्यावर जोर देत घाट चढला आहे, त्याला त्या अकरा फेऱ्यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. वजन जास्त असेल किंवा सामान घेऊन जायचे असेल तर ४८/३२ किंवा ४६/३० असा आणखी हलका क्रँक मिळतो का ते विचारावे.

केबलचे गिअर की इलेक्ट्रॉनिक, यावर वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही. इलेक्ट्रॉनिक गिअर दमलेल्या बोटांना सुखावतात आणि शिमानोची बॅटरी एका चार्जमध्ये शेकडो किलोमीटर चालते. परंतु तोच पैसा चांगल्या मापासाठी, टायरसाठी किंवा दिव्यांसाठी कमी पडत असेल तर केबलच घ्यावी. केबलचे गिअर असतील तर लिव्हरच्या आत केबलचे टोक उसवते, म्हणून वर्षातून एकदा, न तुटताही, ती बदलून घ्यावी.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्कचेच असावेत. कार्बन रिमवर घासणारे जुन्या पद्धतीचे ब्रेक पावसात उशिरा लागतात, आणि आंबा घाटासारख्या लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यास रिम तापून तिचे थर सुटण्याची किंवा ट्यूब फुटण्याची भीती असते. डिस्क ब्रेकमध्ये तापते ती चकती. रिम सुरक्षित राहते. पुढची चकती १६० मिलिमीटरची असावी. कोणत्या प्रकारचे तेल लागते हे खरेदीच्या वेळीच लिहून घ्यावे, कारण शिमानोला खनिज तेल लागते, तर स्रॅमच्या बहुतेक रोड ब्रेकना डॉट द्रव. एकाच्या जागी दुसरे घातले तर आतील रबरी सील खराब होतात.

दुरुस्ती कोल्हापुरात होईल का

हा मुद्दा परदेशी चाचण्यांत आणि व्हिडिओंत क्वचित येतो, पण आपल्यासाठी तो निर्णायक आहे. शिवाजी उद्यमनगरातील लेथवर आणि वेल्डिंगवर धातूचे जवळपास काहीही घडवता किंवा जोडता येते, ही कोल्हापूरची मोठी ताकद आहे. कार्बनच्या फ्रेमला तिचा उपयोग नाही. तडा गेलेली कार्बनची नळी दुरुस्त होऊ शकते, परंतु ते काम त्या विषयातील प्रशिक्षित कारागिराचे आहे आणि त्यासाठी बहुधा सायकल बाहेरगावी पाठवावी लागते. फ्रेमवर किती वर्षांची हमी आहे, अपघातात फ्रेम मोडल्यास सवलतीत बदलून मिळते का आणि हमी फक्त पहिल्या मालकापुरती आहे का, हे लेखी घ्यावे.

त्यानंतर सायकलीच्या रचनेकडे वळावे. सध्या अनेक मॉडेलमध्ये ब्रेकच्या नळ्या आणि केबल हँडलमधून थेट हेडसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर वळते त्या बेअरिंगच्या जोडीच्या, आतून जातात. दिसायला ते फार सुबक असते, पण वरचे-खालचे बेअरिंग बदलायचे झाले तर ब्रेकची नळी सोडवून पुन्हा तेल भरावे लागते, आणि अर्ध्या तासाचे काम अर्ध्या दिवसाचे होते. आपल्या पावसात आणि धुळीत हेडसेटचे बेअरिंग गंजणे नवलाचे नाही. म्हणून नळ्या फ्रेमच्या खालच्या नळीत बाजूने शिरतात अशी रचना मिळाली तर ती घ्यावी. पेडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या बेअरिंगची बैठक आट्यांची असावी; दाबून बसवलेल्या प्रेस-फिट बैठकीत पाणी व धूळ शिरली की कुरकुर सुरू होते आणि ती घालवण्यात सायकलस्वार आणि मिस्त्री दोघांचेही रविवार जातात. सीटपोस्ट गोल, २७.२ मिलिमीटरचा असेल तर तो कोठेही मिळतो. खास आकाराचा असेल तर तो फक्त त्याच कंपनीकडून मागवावा लागतो.

डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, ज्या छोट्या धातूच्या पट्टीवर लटकतो, तो हँगर सायकल पडल्यावर आधी वाकावा अशा हेतूनेच बनवलेला असतो. सायकलीबरोबरच एक जादा हँगर विकत घ्यावा आणि तो सीटखालच्या पिशवीत कायमचा ठेवावा. छोट्या वस्तूंपैकी ब्रेव्हे वाचवणारी याहून चांगली वस्तू मला माहीत नाही.

दुकानात स्पष्ट विचारावे: ब्रेकमधील हवा काढण्याचे साहित्य तुमच्याकडे आहे का, या मॉडेलचे ब्रेकपॅड आणि बेअरिंग येथे ठेवता का, आणि नसतील तर किती दिवसांत येतात? उत्तर देताना जो दुकानदार मिस्त्रीला पुढे बोलावतो, त्याच्याकडून घेणे मी श्रेयस्कर मानतो, मग किंमत दोन टक्के जास्त का असेना.

लहान पण विसरू नयेत अशा बाबी

बाटल्यांसाठी किमान दोन आणि शक्यतो तीन जागा, वरच्या नळीवर खाऊच्या पिशवीसाठी आटे आणि मडगार्डची सोय या गोष्टी एन्ड्युरन्स फ्रेममध्ये पाहाव्यात. कार्बनच्या सीटपोस्टवर मागचे कॅरिअर बसवू नये. पिशवीचे पट्टे जेथे घासतात तेथे पारदर्शक चिकटपट्टी लावावी.

जुनी सायकल घेताना

जुन्या बाजारात चांगल्या कार्बन सायकली निम्म्या किमतीत मिळतात आणि त्या घेण्यात गैर काही नाही, पण तपासणी कसोशीने व्हावी. मूळ बिल आणि पेडलखालचा फ्रेमक्रमांक जुळतो का हे पाहावे. त्यानंतर सायकल स्वच्छ पुसून, दिवसाच्या उजेडात आणि मग टॉर्चचा प्रकाश तिरका पाडून, खालच्या नळीचा तळ, चेनजवळची मागची नळी, सीटपोस्टची पकड आणि पुढच्या नळ्यांचा जोड नीट न्याहाळावा. रंगाचा ओरखडा आणि तडा यांत फरक असतो: नखाने चाचपल्यावर तड्याची कड लागते आणि दाबल्यास ती जागा मऊ वाटू शकते. नाण्याने हलके टकटक करत गेल्यावर एखाद्या ठिकाणी आवाज एकदम बद्द झाला तर शंका घ्यावी, मात्र नळीची जाडी बदलते तेथेही आवाज बदलतो, म्हणून दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेशी ताडून पाहावे. फोर्क बाहेर काढून स्टिअरर नळी पाहू देण्यास विक्रेता तयार नसेल तर व्यवहार तेथेच थांबवावा. सायकल घरात ट्रेनरवर, म्हणजे जागेवरच पेडल मारण्याच्या यंत्रावर, लावून वापरली असेल तर घामाने हेडसेट आणि धातूचे बोल्ट गंजले आहेत का, आणि सीटपोस्ट फ्रेममध्ये अडकून बसला आहे का, हेही पाहावे.

नामांकित कंपनीचे नाव असलेली नवी कोरी फ्रेम अविश्वसनीय स्वस्तात दिसली तर ती बनावट असण्याची शक्यता मोठी आहे. पन्हाळ्याच्या उतारावर ताशी ५० किलोमीटरने जाताना आपण त्या फ्रेमवर जीव सोपवणार असतो, हे विसरू नये.

पैशांची वाटणी आणि चाचणी

एकूण रकमेतील सुमारे पाचवा हिस्सा सायकलीच्या बाहेरच्या गोष्टींसाठी राखून ठेवावा: हेल्मेट, बूट, पेडल, पुढचा-मागचा भक्कम दिवा, रात्री चमकणारे जाकीट, पंप, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळता येणारा पाना) आणि जमल्यास व्यावसायिक फिटिंग. ब्रेव्हेत दिवे आणि चमकणारे जाकीट सक्तीचे असतात, आणि हंगामात पहाटेच्या अंधारात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीच्या मागून जाताना त्यांची गरज नियमाच्या पलीकडची आहे. उरलेल्या रकमेत कार्बनचे सर्वांत खालचे मॉडेल आणि अॅल्युमिनियमचे सर्वांत वरचे मॉडेल असा पेच पडला, तर दोन्हींचे टायर, गिअर आणि ब्रेक शेजारी-शेजारी लिहून पाहावेत. कार्बनच्या मॉडेलमध्ये या तीन गोष्टी निकृष्ट असतील तर मी अॅल्युमिनियम घेईन.

दुकानासमोरच्या गल्लीत मारलेल्या फेरीला चाचणी म्हणता येत नाही. परवानगी मिळाली तर स्वतःचे बूट आणि पेडल लावून, टायरमध्ये योग्य हवा भरून, रत्नागिरी रस्त्याने वाघबीळच्या चढापर्यंत जाऊन यावे. जाताना चढावर बसूनच सर्वांत हलका गिअर वापरून पाहावा. येताना उतारावर हँडल स्थिर राहते का, ब्रेक एका बोटाने लागतो का, आणि खरबरीत डांबरावर हातांना मुंग्या येतात का याकडे लक्ष द्यावे. परतल्यावर दुखणारी जागा कोणती हे मिस्त्रीला नेमके सांगावे: तळहात दुखत असतील तर शरीराचा भार पुढे पडतो आहे, गुडघ्याचा पुढचा भाग दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, आणि मान दुखत असेल तर हँडल दूर किंवा खाली आहे.

घरी आणल्यानंतर

कार्बनचा सर्वांत मोठा शत्रू अंदाजाने आवळलेला बोल्ट हा आहे. स्टेम आणि सीटपोस्टच्या पकडीवर छापलेला आकडा, बहुधा ५ न्यूटन मीटरच्या आसपासचा, टॉर्क रेंचनेच गाठावा. सीटपोस्ट घसरत असेल तर अधिक आवळण्याऐवजी कार्बनसाठीची खरबरीत पेस्ट लावावी. वर्षातून दोनदा सीटपोस्ट बाहेर काढून पुसून पुन्हा बसवावा.

दुचाकी धुण्याच्या केंद्रातील जोरदार फवारा बेअरिंगवर मारू देऊ नये; बादली, मऊ कापड आणि साधा साबण पुरतो. पावसात भिजलेली सायकल उलटी करून, सीटपोस्ट काढून, आतले पाणी निथळू द्यावे. दुरुस्तीच्या स्टँडवर सायकल सीटपोस्टला पकडून लटकवावी, वरच्या नळीला नव्हे, कारण त्या नळीची भिंत पातळ असते आणि चिमट्याच्या दाबाने ती चेचली जाऊ शकते. हाच धोका ट्रॅव्हल्सच्या डिकीत असतो. दुसऱ्या शहरातील ब्रेव्हे संपवून परतताना सायकल पार्सलांच्या खाली किंवा मधे दडपून ठेवू देऊ नये. चाके काढून, नळ्यांना फोम गुंडाळून, चेनची बाजू वर ठेवून, स्वतः उभे राहून ती ठेवून घ्यावी.

सायकल पडली किंवा खोल खड्ड्यात जोरात आदळली तर पुढच्या फेरीपूर्वी फोर्क, स्टिअरर आणि हँडल तपासून घ्यावे, बाहेरून ओरखडा दिसत नसला तरीही. पहिल्या १०० ते २०० किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासावेत आणि गिअरची केबल ताणली गेली असल्यास ती जुळवून घ्यावी. मापातील बदल एका वेळी एकच आणि तोही तीन-चार मिलिमीटरचा करावा, आणि त्यावर किमान एक लांब फेरी झाल्याशिवाय पुढचा बदल करू नये. पहिली ब्रेव्हे नव्या सायकलीच्या पहिल्याच आठवड्यात ठरवू नये. आधी कागलपर्यंत, मग निपाणीपर्यंत आणि मग गगनबावड्याला जाऊन परत, असे अंतर वाढवत न्यावे.